दप्तरातली चौथी वही

"ठेव. आहेस तिथंच ठेव."

मोठे साहेब जिन्यावरून ओरडले आणि मी जागच्या जागी थांबलो. माझ्या दोन्ही हातांत पगडी होती. थोरल्या वकिलांची. थोरले वकील म्हणजे मोठ्या साहेबांचे आजोबा. दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या कोर्टात वकिली केलेले. त्यांची पगडी दिल्लीच्या कोठीत, म्हणजे साहेबांच्या बंगल्यात, काचेच्या पेटीत असायची. त्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहिली. छत गळायला लागलं आणि धार नेमकी पेटीवर. मी धावलो. पेटी उघडली, पगडी उचलली, कोरड्या खोलीकडं निघालो. एवढाच गुन्हा.

"साहेब, फरशीवर पाणी आहे," मी म्हणालो.

"असू दे. ठेव."

ठेवली. भिजली. मी वाचवलेली पगडी त्यांनीच भिजवली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. माझ्या हातातून सुटली, बास.

मग त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब आले. तेव्हा कॉलेजात होते. हरिद्वारहून आणलेलं गंगाजल त्यांच्याकडं प्लास्टिकच्या कॅनमध्ये असायचं. कॅन घेऊनच आले. कुणी सांगायची गरज लागली नाही त्यांना. मोठ्या साहेबांनी पगडीवर शिंपडलं. पेटीवर शिंपडलं. मी उभा होतो तिथल्या फरशीवरही शिंपडलं. माझ्या पायांवर चार थेंब आले.

मोठे साहेब मग मऊ आवाजात म्हणाले, "तुझा दोष नाही रे. पण घराची एक रीत असते." आणि म्हणाले, "आता फरशी पुसून घे."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. मऊ आवाजाला काय द्यायचं? मी फरशी पुसली. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आता पंच्याहत्तरीला आलोय. त्या दिवसापासून एक सवय लागली ती अजून आहे. माझ्याशी कुणी मऊ बोललं की मी आधी त्याच्या हाताकडं बघतो. हातात काय आहे?

मी शिकलेला नाही. चौथी झाली, गाव सुटलं. कराडकडचं गाव. मोठे साहेब दिल्लीत मोठे वकील. त्यांना ऑफिसात गावाकडचा माणूस पाहिजे होता, म्हणून मला आणलं. जात विचारूनच आणलं. ऑफिसात चालेल, घरात नाही, असं ठरवून. ऑफिस कोठीच्या बेसमेंटमध्ये. घर वर. मधे सतरा पायऱ्या. पुढं लग्न झालं, हौसा आली. ती कोठीची झाडलोट करायची, कपडे धुवायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जायची. उंबऱ्याच्या आत कधीच नाही. आम्ही मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो.

माझं काम फायली शिवायचं, बस्ते बांधायचं, कोर्टात पोचवायचं. आणि एक काम होतं फुलीचं. पक्षकार यायचा. गरीब, घाबरलेला. वकीलपत्र, अर्ज, प्रतिज्ञापत्र, सगळं आधीच टाइप होऊन तयार असायचं. मी पेन्सिलीनं बारीक फुल्या मारायच्या. फुली असेल तिथं सही. साहेबांनी पक्षकाराला वरवर वाचून दाखवायचं, मधलं पान उलटायचं, "बाकी फॉर्मल आहे" म्हणायचं, मी फुली दाखवायची. तो सही करायचा. कुणी अंगठा. चाळीस वर्षं मी फुल्या मारल्या. कुणी विचारलं नाही मधल्या पानावर काय आहे. मीही कुणाला म्हणालो नाही की बाबा, वाचून घे. हे पण लिहिलं पाहिजे. नुसतं त्यांचंच कसं लिहू?

थोरल्या वकिलांचं दप्तर त्याच बेसमेंटमध्ये होतं. लोखंडी कपाटात, लाल कापडात बांधलेलं. त्यांची पुण्यतिथी कोठीवर दरवर्षी व्हायची. दिल्लीतली मराठी मंडळी यायची. मोठमोठ्या पगाराची, पुण्या-मुंबईची. मोठे साहेब उभे राहून गोष्ट सांगायचे. मी दाराबाहेर ट्रे घेऊन उभा. ऐकून ऐकून पाठ झाली. बाराव्या वर्षी पोर पुण्याला आलं. वारावर जेवलं, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. देवळातल्या समईखाली शिकलं. कचेरीत कारकून झालं. वकिलीची परीक्षा दिली, सनद मिळवली. पहिला कज्जा एका विधवेचा, तो जिंकला. मग नाव झालं. घोडागाडी आली. म्युनिसिपालटीत निवडून गेले. सभेत भाषण केलं की देवाची लेकरं सगळी सारखी. सकाळी पूजा, मग ओट्यावर पक्षकार, मग पगडी-उपरणं घालून कोर्ट. आणि शेवटी मोठे साहेब आवाज बारीक करायचे. म्हणायचे, "त्या काळात, मंडळी, त्या काळात आमच्या ओट्यावर अस्पृश्यसुद्धा निःसंकोच येत."

टाळ्या पडायच्या. मी दाराबाहेर. ट्रे आत न्यायला दुसरा माणूस.

बेसमेंटमध्ये ओल फार. पाऊस सरला की दप्तर गच्चीवर उन्हात टाकावं लागायचं. बस्ते सोडायचे, कागद पसरायचे, कडुलिंबाचा पाला घालून परत बांधायचे. करोल बागेतून नवं लाल कापड मी आणायचो. चार-पाच दिवसांचं काम. कागदाला हात लागला तर चालायचा. कागद कष्टाचं काम होतं, म्हणून विटाळ नव्हता. पगडी नुसती बघायची होती, म्हणून होता. हे मला फार उशिरा समजलं.

गच्चीवर माकडं यायची. दिल्लीची माकडं, माणसाला भीत नाहीत. एकदा एक माकड मृत्युपत्र घेऊन कडुलिंबावर चढलं होतं. म्हणून हौसाला काठी घेऊन राखणीला बसवायचे. हौसा सातवी शिकलेली. दिवसभर बसून काय करणार? वाचायची. मूळ कागद मोडी लिपीत होते, ते कुणालाच वाचता यायचे नाहीत. पण मोठ्या साहेबांनी एका जाणत्या माणसाकडून थोरल्या वकिलांच्या रोजनिश्या साध्या अक्षरात उतरवून घेतल्या होत्या. निळी शाई, मोठं अक्षर. चार वह्या. मी स्वतः बांधायचो. चार. पाठीवर आकडे घातलेले, तेही माझ्याच हातचे.

पहिल्या तीन वह्यांत विशेष नव्हतं. हौसा मला वाचून दाखवायची आणि हसायची. आज खोकला. आज घोड्याला नाल मारला. आज जजसाहेब तापले होते. आज आंबेमोहोर भात, मऊ झाला. एका पानावर होतं की बायको वारली. खाली एकच ओळ, "घर सुनें झालें." दुसऱ्या दिवशी कोर्टात गेले. ती ओळ तेव्हा मी नुसती ऐकली. आता कळते. त्या ओळीला मी नावं ठेवत नाही.

चौथी वही वाचली तो दिवस मला लख्ख आठवतोय. मी बस्ता बांधत होतो. हौसा म्हणाली, "ऐकलं का. इकडं या. तुमच्या साहेबांचा आजा काय करतोय बघा."

तिनं वाचलं. मला अक्षर न् अक्षर पाठ आहे, कारण पुढं दरवर्षी ती ते पान काढायची. गावाचं नाव होतं, ते मी इथं लिहीत नाही, ते ज्यांचं आहे त्यांना कळवलंय. पुढं असं:

"महार मंडळी चौघें आलीं. इनाम जमिनीचा कज्जा. कागद ओट्यावर उन्हांत ठेवविले, दोन घटका गेल्यावर हातीं घेतले. कागद खरे आहेत. प्रकरण बळकट."

त्याच्या खाली, त्याच दिवशी:

"सायंकाळी पाटील येऊन गेले. त्यांचें वकीलपत्र घेतलें."

आणि दुसऱ्या दिवशी:

"महारांस सांगितलें, कागदांत दम नाहीं, परत जावें. गेले. चौघांत एक म्हातारी होती. ती फाटकाशीं बराच वेळ बसून होती."

बास. त्याच्या खाली खोकला आणि घोडा.

हौसा काठी मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "आपल्या लोकांचे कागद ह्यांनी विटाळ जावा म्हणून उन्हात ठेवले. आणि आता ह्यांचे कागद उन्हात ठेवायला आपण." आणि हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

मग म्हणाली, "पुण्यतिथीला हे पान वाचायला सांगा की त्यांना."

"गप," मी म्हणालो. "वही बांध."

"का म्हणून?"

"क्वार्टर त्यांचं. पोरगं शाळेत. सव्वाशे वर्षांमागच्या कागदात आता काय दम आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तसं तिनं आधी कधी बघितलं नव्हतं.

"हेच," ती म्हणाली. "अगदी हेच त्यांनी त्या चौघांना सांगितलं."

आणि वही बांधली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, बायकांचा राग, उतरेल. उतरला नाही तो. खाली गेला आणि राहिला. दरवर्षी पान काढायची, वाचायची, माझ्याकडं बघायची. मी दुसरीकडं बघायचो.

पुढं मोठे साहेब गेले. धाकटे साहेब झाले साहेब. कोठी पाडून मजले उठवले, आमचं क्वार्टर गेलं. आम्ही गाझियाबादला दोन खोल्यांत आलो. पोरगा पानिपतला ब्लँकेटच्या कारखान्यात, तिकडंच राहतो. त्याची पोरगी प्रज्ञा आमच्याजवळ. वकिली शिकते. तिसरं वर्ष. हौसानंच तिला त्या वाटेला लावलं. म्हणायची, "एकजण तरी फुलीच्या पलीकडं बसू दे."

यंदा मार्चमध्ये हौसा गेली. फुप्फुसात पाणी झालं. सरकारी दवाखान्यात बारा दिवस. शेवटचे दोन दिवस बोलता येत नव्हतं. मी साहेबांना फोन केला होता. "अरे अरे," म्हणाले. आले नाहीत. मी वाटही बघितली नव्हती.

महिना झाला आणि साहेब आले.

आमच्या जिन्यावर. स्वतः. पन्नास वर्षांत ज्यानं माझं दार बघितलं नाही, तो माणूस तीन मजले चढून, धापा टाकत. हातात सुक्या मेव्याचा डबा. आणि बगलेत फाइल.

मी हाताकडं बघितलं. सवय.

डब्यावर एक कार्ड चिकटलेलं होतं. कुणीतरी साहेबांना दिलेला दिवाळीचा डबा. नाव काढायचं राहिलं होतं. माणूस मेलेल्या घरात दिवाळीच्या शुभेच्छा.

"काय रे, बारीक झालास," साहेब म्हणाले. "हौसा गेली, फार वाईट झालं. घरातलंच माणूस. नेमकी तेव्हा एक मोठी मॅटर चालू होती बघ."

प्रज्ञा पाणी घेऊन आली. "सर, पाणी."

"नको बेटा, आत्ताच गाडीत प्यायलो."

एप्रिलचं ऊन. दीड तासाची ट्रॅफिक. तीन मजले. आणि तहान नाही. बरं.

मग म्हणाले, थोरल्या वकिलांच्या चरित्राचं पुस्तक निघतंय. मोठा हॉल घेतलाय. पाहुणे येणार. पुस्तकात घरच्या माणसांचं मनोगत पाहिजे. "आणि दप्तर सांभाळलं कुणी? तू आणि हौसानं. तुमचं नाव यायला नको? फोटो पण टाकू हौसाचा." मऊ आवाज. अगदी त्यांच्या बापासारखा. मग प्रज्ञाकडं वळले. "आणि तू, परीक्षा झाली की सरळ माझ्या चेंबरला ये. सोमवारपासून ये म्हणालीस तरी चालेल. आपल्याच घरची मुलगी."

प्रज्ञाचा चेहरा फुलला. का नाही फुलणार? तिच्याबरोबरची पोरं दारोदार फिरतात. कुणी चेंबरात उभं करत नाही.

मला संशय यायला लागला. मनोगत पाहिजे, तर विचार की मला. काय आठवतं, काय वाटतं. यांनी विचारलंच नाही. फाइल उघडली. चार पानं, टाइप केलेली, टाचलेली. माझं मनोगत माझ्या घरी यायच्या आधीच लिहून झालं होतं. आणि वर काय, "मी सत्य प्रतिज्ञेवर सांगतो की." पुस्तकातल्या मनोगताला प्रतिज्ञा कशाला?

साहेबांनी भरभर वाचलं. या घरानं आम्हाला कधी परकं मानलं नाही. माझी पत्नी या घरची अन्नपूर्णा होती. अन्नपूर्णा! जी उंबऱ्याच्या आत गेली नाही ती. मग तिसरं पान आलं. ते त्यांनी उलटलं.

"बाकी फॉर्मल आहे," म्हणाले. "इथं सही कर. इथं, इथं आणि इथं."

पेन्सिलीच्या बारीक फुल्या. प्रत्येक पानावर. माझ्यासाठी.

चाळीस वर्षांचे सगळे पक्षकार माझ्या खुर्चीत येऊन बसले, असं वाटलं.

"ठेवून जा, साहेब," मी म्हणालो. "वाचतो."

साहेब हसले. मनापासून हसले. "तू? अरे, वाचायची ती हौसा. तू कधीपासून वाचायला लागलास?"

साहेबांना कळलं नाही आपण काय बोललो ते. मला कळलं. म्हणजे यांना ठाऊक होतं. गच्चीवर बसून हौसा वाचते, हे ठाऊक होतं. ती होती तोवर आले नाहीत. ती गेली, मग आले. एक महिना थांबले, तेवढी लाज ठेवली. वाचणारी गेली, आता राहिला तो फुल्या मारणारा. त्याला फुली दाखवली की झालं.

मी चष्मा लावला. तिसरं पान उघडलं. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. मला वेळ लागतो. लागू दिला. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं.

"सदर दप्तरामध्ये रोजनिशीच्या एकूण तीन वह्या होत्या व आहेत. याव्यतिरिक्त कोणतीही वही मी अथवा माझ्या दिवंगत पत्नीने कधीही पाहिलेली नाही."

मी परत वाचलं. दिवंगत पत्नीने. मेलेल्या बाईच्या डोळ्यांची साक्ष. ती नाही म्हणायला येणार नाही म्हणून.

"चौथी कुठाय?" मी विचारलं.

"कुठली चौथी?"

"निळ्या शाईची. पाठीवर आकडा आहे, माझ्या हातचा."

"तुझं वय झालं," साहेब म्हणाले. "गोंधळ होतो या वयात. बघ, तुला सरळ सांगतो. गावाकडचा कुणी मास्तर पत्रं पाठवतोय. त्याच्या गावच्या जमिनीची काही नोंद आहे म्हणे, ती दाखवा म्हणतो. पुस्तक निघताना नसता वाद. दप्तर सांभाळणाऱ्यानं लिहून दिलं की विषय संपला."

"महार मंडळी चौघें आलीं," मी म्हणालो.

मी पुढं म्हणत गेलो. ओटा. ऊन. दोन घटका. कागद खरे आहेत. पाटील संध्याकाळी. फाटकाशी म्हातारी. वहीत होतं तसं, हौसा वाचायची तसं. माझी जीभ कुठं अडली नाही. प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती. तिनं हे कधी ऐकलं नव्हतं. मीच ऐकू दिलं नव्हतं.

साहेबांचा आवाज बदलला. कोर्टातला आला. "पुरावा काय?"

"तुम्हीच आलात की पुरावा घ्यायला," मी म्हणालो. "तीन मजले चढून."

"हे बघ. पाठ केलेली चार वाक्यं कुणी ऐकणार नाही. वही नाही, मग तू काय दाखवणार? उगाच म्हातारपणी हसं करून घेऊ नकोस." मग प्रज्ञाकडं. "बेटा, तू कायदा शिकतेस. समजाव यांना. तुझं माझ्याकडचं ठरलंय, ते मोडावं असं मलाही वाटत नाही."

प्रज्ञा माझ्या जवळ बसली. माझा हात धरला. पोरगी दिल्लीची, गडबडली की हिंदीत जाते. "आबा, साइन कर दो ना. प्लीज यार. डेढ सौ साल पुरानी बात है. आता कुणाला काय फरक पडतो?"

माझंच वाक्य. गच्चीवर मी हौसाला जे ऐकवलं तेच, तिच्या नातीच्या तोंडून, दुसऱ्या भाषेत. मी ते माझ्या बायकोला दिलं होतं, ते फिरून माझ्या घरात राहायला आलं. हौसाचं ते बघणं आठवलं. पस्तीस वर्षं मी दुसरीकडं बघत आलो. आता जिच्यापासून नजर चुकवायची, ती नव्हती.

"प्रज्ञा," मी म्हणालो, "तुझा रबर दे."

"काय?"

"खोडरबर. तुझ्या पाउचमधला."

तिनं दिला. मी चारही पानं गुडघ्यावर घेतली आणि एकेक फुली खोडली. सावकाश. कागद फाटणार नाही असं. मला जमतं ते, कोर्टात चुकलेली फुली मीच खोडायचो. खोडरबराचा चुरा फुंकला. पानं सरळ केली. साहेबांच्या हातात दिली.

"हे तुमचं मनोगत आहे," मी म्हणालो. "तुम्ही सही करा."

साहेब उठले. चेहरा लाल. इतका वेळ धरून ठेवलेलं सुटलं. म्हणाले, "पन्नास वर्षं पोसलं. शेवटी जात दाखवलीसच."

मी त्यांना थांबवलं नाही. बोलू दिलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या घराचा आवाज मऊ नव्हता. मला बरं वाटलं म्हणा ना. निदान खरं बोलले.

"दाखवली," मी म्हणालो. "कागद खरे आहेत म्हणून लिहिणारा आणि दम नाही म्हणून सांगणारा, ती जात माझी नाही. तो डबा घेऊन जा. त्यावर दुसऱ्याचं नाव आहे."

डबा घेतला त्यांनी. खरंच घेतला. जिन्यावरून उतरताना त्यांच्या बुटांचा आवाज खालपर्यंत आला.

हे वाचणाऱ्याला वाटेल, मग प्रज्ञानं मला मिठी मारली. नाही. ती भांडली. "आबा, तुम्हाला काय गेलं? माझं गेलं. तुमची नोकरी पूर्ण झाली, पेन्शन नाही ना काही नाही, पण झाली. मी आता कुणाच्या दारात उभी राहू?" तिचं बरोबर आहे. तिचंच गेलं. मी पस्तीस वर्षं आधी बोललो असतो तर माझं गेलं असतं. उशिरा बोललं की हे असं होतं, दुसऱ्याचं जातं. मी तिला तेवढंच म्हणालो, "साहेब जे बोलले ते तू ऐकलंस ना? त्याच तोंडाखाली तुला रोज बसायचं होतं." ती म्हणाली, "सगळीकडे तसंच आहे, आबा. फक्त कोणी बोलत नाही." आणि आतल्या खोलीत गेली. जेवायला वाढते. बोलत नाही. पंधरा दिवस झाले.

मी बसून राहिलो नाही. गावाचं नाव मला पाठ आहे. मास्तरचं नाव नाही. शाळेच्या पत्त्यावर पत्र टाकलं. तीन दिवस लिहीत होतो. माझं अक्षर वाकडं, वेलांट्या चुकतात. चुकू देत. लिहिलं की वह्या चार होत्या, पान असं होतं, ते वाचणारी माझी बायको होती, आणि तिला गप्प करणारा मी होतो. शेवटचं वाक्य लिहू का नको म्हणून एक पूर्ण दिवस गेला. लिहिलं. साक्ष देणाऱ्यानं आपल्यापुरतं वगळलं तर मग त्याच्यात आणि थोरल्या वकिलात फरक काय?

साहेब वही जाळतील. जाळली पण असेल. मला तसं वाटतंच. त्या घरातून जे येतं त्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि ते जे लपवतात त्यावर ठेवतो. त्यांना दुसरा कुणी साक्षीदार मिळेल. पैशाला मिळतात. माझ्या नावानं खोटी सही पण करतील, ती विद्या त्या बेसमेंटमध्ये मी बघितलेली आहे. म्हणून हे सगळं माझ्या हातानं लिहून ठेवतोय. खाली माझी सही आहे. ती एकदा जुळवून बघा.

पुस्तकाच्या समारंभाची तारीख मी शोधून काढली आहे. आमंत्रण नाही. मेट्रोनं जाईन. दाराबाहेर उभा राहणार नाही, आत जाणार, खुर्चीवर बसणार. थोरल्या वकिलांची गोष्ट त्यांच्या चालीनं होऊ दे. वारावरचं जेवण, समई, सनद, घोडागाडी. ओट्यापर्यंत येऊ दे. आणि "निःसंकोच" म्हणाले की मी उठणार. त्या चौघांची नावं कुणाला माहीत नाहीत, म्हणून त्यांच्या गावाचं नाव घेणार. मग हौसाचं नाव घेणार, पूर्ण. मग पान म्हणणार, पहिल्या अक्षरापासून. प्रज्ञा येईल का, ठाऊक नाही. तिच्यासाठी थांबणार नाही.

सभा आहे, लोक आहेत, कुणीतरी दंडाला धरेल. धरू दे. हौसाला मी गप्प केलं होतं. आता मला कुणी करून बघावं.